तीनशेचा साडेचारशे

२४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशी इंटेलने दोन टोकांचे दोन प्रोसेसर बाजारात आणले. पहिला पेंटियम टू, वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. डॉलर तेव्हा साडेबेचाळीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एक चिप अठ्ठावीस हजारांची, दुसरी सव्वासहा हजारांची. आयात शुल्क आणि मधल्या व्यापाऱ्यांचा नफा त्यावर वेगळा. थोडे दिवस गेले आणि जगभरच्या हौशी मंडळींमध्ये बातमी पसरली, की मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये एकच आकडा बदलला तर सव्वासहा हजारांची चिप अठ्ठावीस हजारांच्या चिपच्या बरोबरीने पळते. संगणकाच्या इतिहासात याहून मोठे शोध पुष्कळ लागले. पण गिऱ्हाइकाचे वीस-बावीस हजार रुपये सरळ वाचवणारी अशी दुसरी घटना शोधून सापडायची नाही.

ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे चिप छापील वेगाहून जास्त पळवण्याचा, इतिहास बहुतेक वेळा कॅलिफोर्निया आणि तैवानच्या बाजूने सांगितला जातो. तिथे खोली गार असते आणि वीज जात नाही. मला तो बोदलकशाच्या बाजूने पाहायचा आहे. बोदलकसा गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात आहे. ब्रिटिश आमदानीत बांधलेला तलाव, भोवती नागझिऱ्याच्या बाजूचं जंगल, पाटाच्या पाण्यावर धान, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी. सेलेरॉन ३००ए आला तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. प्रोसेसरच्या इतिहासात या गावाचं नाव कुठे येत नाही आणि मीही ते ओढूनताणून आणणार नाही. पण चिप किती पळेल हे हवेचं तापमान, विजेचा भरवसा आणि खिशातले पैसे या तीन गोष्टींवर ठरतं, आणि तिन्हींची परीक्षा इथे कडक होते.

आधी त्या सेलेरॉनचं गणित पाहू, कारण सगळी गोम त्यात आहे. प्रोसेसरचा वेग हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो. एक मदरबोर्डवरच्या बसचा ठोका, दुसरा चिपच्या आतला गुणक. सेलेरॉन ३००ए चा गुणक साडेचार होता आणि तो इंटेलने कुलूपबंद केलेला होता. बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून वेग ३००. बसला मात्र कुलूप नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटेलने ४४०बीएक्स हा चिपसेट आणला होता, तो महागड्या पेंटियम टूसाठी १०० मेगाहर्ट्झची बस द्यायचा. त्याच बोर्डवर सेलेरॉन बसवून बस १०० केली, की साडेचार गुणिले शंभर, चारशे पन्नास.

यात एक बारीक गोष्ट होती आणि तिच्यामुळेच हा प्रयोग घरोघरी झाला. बसच्या ठोक्यावर नुसता प्रोसेसर चालत नाही. पीसीआय कार्डं, हार्ड डिस्क अशा सगळ्यांना त्याच ठोक्याचा भागाकार करून वेळ दिली जाते. पीसीआयला ३३ मेगाहर्ट्झ मानवतात. ६६ ला दोनने भागलं तर ३३ येतात, १०० ला तीनने भागलं तरी ३३ च येतात. त्याआधी लोक बस ८३ पर्यंत नेऊन पाहत, तेव्हा दोनने भागून पीसीआय साडेएक्केचाळीसवर जायचा आणि हार्ड डिस्कवरचा डेटा गुपचूप खराब व्हायचा. विंडोज सुरू झालं म्हणून माणूस खूश, आणि फाइली आतून नासलेल्या. ३००ए च्या बाबतीत बाकीच्या यंत्राला पत्ताच लागत नव्हता की प्रोसेसर दीडपट झाला आहे. शिवाय या सेलेरॉनमध्ये १२८ किलोबाइटची कॅश खुद्द चिपवर होती आणि ती पूर्ण वेगाने चालायची. पेंटियम टूची कॅश ५१२ किलोबाइटची, पण चिपबाहेर आणि निम्म्या वेगाची. त्यामुळे कित्येक खेळांत हा साडेचारशेचा सेलेरॉन थोरल्या भावाच्या जोडीला बसला.

मग इंटेलने साडेचारशेची चिप तीनशे म्हणून का विकली? गोंदियाच्या राईस मिलमध्ये एकाच ढिगातून निघालेला तांदूळ चाळून वेगवेगळ्या नावाच्या पोत्यांत भरतात, तसंच चिपचं होतं. सिलिकॉनच्या एका तबकडीवर शेकडो चिपा एकदम छापल्या जातात. सगळ्या सारख्या निघत नाहीत. कारखान्यात त्यांची तपासणी होते, जास्त वेग पेलणारी वरच्या भावाला जाते, कमी पेलणारी खालच्या. पण कारखान्याचा हात बसला की बहुतेक चिपा वरच्या दर्जाच्या निघू लागतात, आणि बाजारात मागणी असते ती स्वस्ताची. मग चांगल्या चिपेवरच खालचा आकडा छापतात. छापलेला आकडा आणि चिपेची खरी ताकद यांत पडलेला तो फरक कोणाच्या खिशात जायचा, कंपनीच्या, व्यापाऱ्याच्या की गिऱ्हाइकाच्या, एवढ्यावरच पुढची पंचवीस वर्षं झगडा चालला. ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास मला तरी या झगड्याचा इतिहास वाटतो. बाकी पंखे आणि निळे दिवे नंतर आले.

झगडा सेलेरॉनच्या आधीच सुरू झाला होता. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला, त्यातला ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झचा होता, पण तो चालवला ४.७७ वर. रंगीत टीव्हीच्या संकेतासाठी लागणारा १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक बोर्डवर आधीच होता. त्यालाच तीनने भागून काम भागवलं आणि दुसऱ्या स्फटिकाचे पैसे वाचवले. म्हणजे पीसीच्या घराण्याची सुरुवातच चिपेला थोडी मागे खेचून झाली. १९८४ च्या एटी संगणकात १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता आणि प्रोसेसर ६ वर चालायचा. हिकमती लोकांनी तो स्फटिक उपटून १६ चा बसवला; प्रोसेसर ८ वर चालू लागला. खर्च काही डॉलरांचा. आयबीएमने यावर पुढच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत आज्ञावलीत, वेग तपासणारी चाचणी घातली; ठोका जास्त आढळला की संगणक सुरूच होईना. गिऱ्हाइकाने जास्त वेग काढू नये म्हणून बायोसचा पहारा बसवण्याची रीत तेव्हापासूनची.

पुढे ४८६ डीएक्सटूपासून, म्हणजे १९९२ पासून, गुणकाची पद्धत रुळली आणि मदरबोर्डवर जंपर आले. पाठ्यपुस्तकासारखं जाडं मॅन्युअल मांडीवर घ्यायचं, त्यातला तक्ता पाहायचा, इवल्या पिनांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या चिमट्याने काढून दुसऱ्या जोडीवर बसवायच्या. बससाठी एक संच, गुणकासाठी दुसरा, व्होल्टेजसाठी तिसरा. पेंटियम १९९३ च्या मार्चमध्ये ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा आला. त्याच्या उभारणीत पुढे राहिलेले विनोद धाम मूळ पंजाबी कुटुंबातले, पण जन्म पुण्याचा, १९५० चा. तेच पुढे नेक्सजेनमध्ये गेले आणि ती कंपनी एएमडीने विकत घेतल्यावर इंटेलला टक्कर देणाऱ्या के६ या चिपेच्या बाजूने उभे राहिले. पेंटियम आणि त्याचा प्रतिस्पर्धी, दोघांच्याही जन्मकथेत एकच पुणेकर.

पेंटियमच्या काळात छापील आकडा आणि खरी ताकद यांतला फरक व्यापाऱ्यांच्या ध्यानात आला. १३३ ची चिप घ्यायची, वरची अक्षरं खरवडून १६६ लिहायची आणि महाग विकायची. याला रीमार्किंग म्हणत. गिऱ्हाईक नकळत ओव्हरक्लॉक केलेली चिप पूर्ण किमतीला विकत घ्यायचं. आशिया आणि युरोपच्या ग्रे मार्केटात हा धंदा फोफावला आणि इंटेलने गुणकाला कुलूप घातलं ते याच कारणासाठी, असं कंपनीचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. पण कुलपाने चोराबरोबर घरमालकही बाहेर राहिला, हेही खरं.

आपल्याकडे या सगळ्याचं दार म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, बोलण्यात लॅमिंग्टन. ग्रँट रोड स्टेशनातून उतरून चालत जायचं. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, नागपुरात बर्डीवर. ‘असेंबल्ड’ संगणक हा शब्द या गल्ल्यांनी महाराष्ट्राला दिला. ब्रँडेड संगणक घेणारे सरकारी कचेऱ्या आणि बँका. घरच्या मुलासाठी घेणारे बाप असेंबल्डच घेत. आणि असेंबल्डमध्ये मदरबोर्ड आपण निवडतो, म्हणून त्याच्या सेटिंगवर आपला हक्क राहतो. ब्रँडेड यंत्रांच्या बायोसमध्ये वेळ-तारखेपलीकडे फारसं काही बदलता येत नसे. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराने पुढे सुट्या भागांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं, तोवर ‘बिल हवं की नको’ हा प्रश्न दुकानात आधी यायचा.

सेलेरॉनच्या वेळेपर्यंत जंपरचं युग मावळत होतं. तैवानच्या अबिट कंपनीने १९९६ च्या सुमारास सॉफ्ट मेनू आणला. डिलीट दाबून बायोसमध्ये शिरा, बाणाच्या कळांनी बस निवडा, व्होल्टेज निवडा, एफ-टेन, वाय, एंटर. कॅबिनेट उघडायलाच नको. अबिटचा बीएच६ हा बीएक्स चिपसेटचा बोर्ड सेलेरॉनवाल्यांचा लाडका झाला. ज्यांच्याकडे असा बोर्ड नव्हता त्यांनी दुसरी युक्ती काढली. सेलेरॉन तेव्हा लांबट कार्डावर यायचा. त्याच्या कडेवरची बी२१ ही पिन चिकटपट्टीने झाकली की बोर्डाला ही १०० मेगाहर्ट्झची चिप आहे असंच वाटायचं. सगळ्या चिपा साडेचारशे गाठत नसत. काहींना २ व्होल्टऐवजी २.२ द्यावे लागत, काही कितीही केलं तरी विंडोजच्या निळ्या पडद्याशी थांबत. पण गाठणाऱ्या इतक्या होत्या की त्याला जुगार म्हणणं चुकीचं ठरेल.

यंत्र स्थिर आहे की नाही हे तपासायची साधनंही गंमतशीर. टोकियो विद्यापीठातल्या कानादांच्या गटाने पाय या संख्येचे अंक मोजण्यासाठी लिहिलेला सुपरपाय, आणि मर्सेन प्रकारच्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ साली केलेला प्राइम९५. दोन्ही शुद्ध गणितासाठी जन्मले. दोन्हींत एक बिट जरी चुकला तरी उत्तर चुकतं आणि लगेच कळतं, म्हणून प्रोसेसर छळायला ते उत्तम. मूळ संख्यांशी काडीचा संबंध नसलेल्या पोरांनी रात्र-रात्र प्राइम९५ चालवलं, आणि सकाळी ‘एरर’ दिसला की बस पाच मेगाहर्ट्झने खाली आणली.

एएमडीने २००० च्या जूनमध्ये सॉकेट ए चे अ‍ॅथलॉन आणि ड्यूरॉन काढले तेव्हा कुलूप कारखान्यातच लेझरने तोडलेल्या सूक्ष्म तारांत होतं, आणि त्या तारा चिपेच्या वरच्या अंगावर उघड्या दिसत होत्या. त्यांना एल१ ब्रिज म्हणत. तोडलेल्या जागेवर शिसपेन्सिलीने रेघ ओढली की ग्राफाइटमधून वीज वाहते, पूल जोडला जातो आणि गुणक मोकळा. शाळेच्या दप्तरातल्या पेन्सिलीने कोट्यवधी डॉलरच्या कारखान्याचं कुलूप उघडावं, याचा आनंद अजून ओसरलेला नाही. २००१ च्या अ‍ॅथलॉन एक्सपीमध्ये एएमडीने त्या जागी खड्डे पाडले. मग लोकांनी खड्डे आधी डिंकाने बुजवले आणि वरून वीजवाहक रंग ओढला.

माझ्या मते या कथेचा कळस सेलेरॉनने नाही, २००३ च्या बार्टन अ‍ॅथलॉनने गाठला. बार्टन २५०० प्लसचा गुणक ११, बस १६६, वेग १८३३ मेगाहर्ट्झ. बस २०० केली की २२००, म्हणजे नेमका ३२०० प्लस, जो त्याच वर्षी मे महिन्यात ४६४ डॉलरला आला. एनफोर्स टू चिपसेटच्या बोर्डावर पीसीआयचा ठोका बसपासून वेगळा ठेवता यायचा, त्यामुळे भागाकाराची जुनी कटकटही नाही. बायोसमध्ये एक आकडा बदलला की यंत्र सुरू होताना पडद्यावर स्वतःच ‘३२०० प्लस’ असं नाव सांगायचं.

आणि इथेच बोदलकसा आठवतं. बार्टन २५०० प्लस जास्तीत जास्त ६८ वॉट उष्णता टाकायचा आणि चिपेला ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालायची परवानगी होती. त्या काळचा बरा हीटसिंक धरू, एका वॉटमागे अर्धा अंश चढणारा. ६८ वॉटला ३४ अंश. खोली २५ अंशांची असेल तर चिप ५९ वर, निवांत. गोंदिया-तिरोड्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४४-४५ पर्यंत सहज जातो. ४५ अधिक ३४, ७९. बंद कॅबिनेटमधली हवा बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंश तापलेली असते ती वेगळीच. म्हणजे कुठलीही सेटिंग न बदलता, दुकानातून आणला तसा, हा प्रोसेसर वैशाखाच्या दुपारी शेवटच्या पायरीवर उभा.

आता ओव्हरक्लॉक करू. चिपेची उष्णता ठोक्याच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ठोका १८३३ चा २२००, म्हणजे १.२ पट. हट्टी चिपेला १.६५ ऐवजी १.८५ व्होल्ट दिले, तर वर्ग करून सव्वा पट. दोन्ही मिळून दीडपट: ६८ चे १०३ वॉट. चढ ५१ अंशांचा. गार खोलीत ७६, चालून जाईल. ४५ अंशांत ९६. तिथे यंत्र एकतर हँग होईल, नाहीतर बंद पडेल. पंखा कितीही मोठा लावा, तो खोलीतलीच हवा अंगावर मारणार. हवेपेक्षा गार काही करू शकणार नाही. तैवानमध्ये लिहिलेल्या मॅन्युअलात मे महिन्याचं पान नव्हतं.

विदर्भाकडे यावर उपाय होता, तोच जो माणसांसाठी आहे: वाळ्याचा कूलर. कोरड्या उन्हाळ्यात तो खोलीचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरवतो, आणि वरच्या हिशोबात दहा अंश म्हणजे निम्म्याहून जास्त ओव्हरक्लॉक. पण ती हवा दमट असते. धूळ आणि ओल मिळून हीटसिंकच्या पात्यांत लेप बसतो, पिना काळवंडतात. शिवाय पावसाळा लागला की कूलर निकामी; हवेत आधीच पाणी, बाष्पीभवन होणार कुठून. म्हणून इथला शहाणा ओव्हरक्लॉक हंगामी असायला हवा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी ३२०० प्लस, होळीनंतर परत २५००. धानाला खरीप-रब्बी आहे तर प्रोसेसरलाही असायला हरकत नाही.

विजेची गोष्ट याहून अवघड. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण जन्मलं आणि त्याच सुमारास भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्राला ग्रासलं. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे, आणि असे तेव्हा दाब कमी. २३० व्होल्टच्या जागी १७०-१८० आले की स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, धापा टाकतो, १२ व्होल्टची तार साडेअकराच्या खाली येते आणि मदरबोर्डने मागितलेलं व्होल्टेज प्रोसेसरपर्यंत पोचत नाही. बायोसमधला आकडा बरोबर, यंत्र मात्र चळलेलं. त्याहून वाईट म्हणजे बायोस अपडेट करताना वीज जाणं. तेवढ्या दीड-दोन मिनिटांत दिवे गेले तर बोर्ड मेला. सेटिंग चुकली तर गोल बटणासारखी बॅटरी काढून पाच मिनिटांनी बसवली की सीमॉस कोरा होतो आणि सगळं पूर्ववत; अर्धवट लिहिलेल्या बायोसला तो उतारा चालत नाही. पुढे २०१२ पासून तिरोड्यातच अदानींचा ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प टप्प्याटप्प्याने सुरू झाला, ६६० मेगावॉटचे पाच संच. तोवर स्वस्त चिप दीडपट पळवण्याचे दिवस मात्र संपून गेले होते.

पैशांचं काय? २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीच्या निमित्ताने तालुक्या-तालुक्यात संगणकाचे वर्ग उघडले. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागे, म्हणून शिक्षकांपासून तलाठ्यापर्यंत सगळे माऊस धरायला शिकले. ग्रामीण महाराष्ट्रात संगणक पोचला तो या वाटेने. पण वर्गातल्या यंत्राचं बायोस कोण उघडू देणार? ओव्हरक्लॉक करायला यंत्र आपल्या मालकीचं लागतं आणि बिघडलं तर सोसायची ऐपत लागते. स्वस्त चिपेतून महागाचा वेग काढण्याची ज्याला खरी गरज, त्यालाच तो धोका परवडत नाही. या हौसेला ‘गरिबाची युक्ती’ म्हणण्याची पद्धत आहे. मला ती मध्यमवर्गाची वाटते, आणि त्यातही शहरातल्या.

दरम्यान मोठ्या कंपन्या स्वतःच उष्णतेच्या भिंतीवर आदळल्या. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम असा होता, की ट्रान्झिस्टर लहान केला की व्होल्टेजही उतरवता येतं आणि उष्णता वाढत नाही. २००४ च्या आसपास व्होल्टेज उतरायचं थांबलं. इंटेलने मे महिन्यात टेजस ही पुढची चिप गुंडाळली, ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट एका परिषदेच्या मंचावर गुडघे टेकून माफी मागून गेले. यापुढचा रस्ता एकच: एक चिप पळवण्यापेक्षा अनेक चिपा एकत्र जुंपायच्या.

हा रस्ता पुण्यात आधीच चालून पाहिलेला होता. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, १९८८ साली स्थापन झालेल्या सीडॅकचे प्रमुख झाले. अमेरिका क्रे कंपनीचा वरच्या ताकदीचा महासंगणक देईना. त्यावर भटकरांच्या चमूने एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवण्याचा नाद सोडला आणि इनमॉसचे बेताच्या वेगाचे ट्रान्सप्युटर शेजारी शेजारी जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. घरगुती पातळीवर हेच अबिटने १९९९ मध्ये बीपी६ या बोर्डाने केलं: ३६६ चे दोन सेलेरॉन, दोघेही ५५० वर पळवलेले, एकाच बोर्डात. सेलेरॉन जोडीने चालत नाही असं इंटेल सांगत होतं. अबिट पुढे आर्थिक अडचणीत येऊन २००८ अखेर बंद पडली.

शेवटचा बहर आला कोअर टूच्या काळात. २००७ चा चार गाभ्यांचा क्यू६६०० हा २.४ गिगाहर्ट्झचा, बस २६६ ची ३३३ केली की ३ गिगाहर्ट्झ. जानेवारी २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये मात्र इंटेलने मुळावरच घाव घातला. प्रोसेसर, पीसीआय एक्सप्रेस, डिस्क या सगळ्यांचा ठोका एकाच १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळाला बांधला. ते चार-पाच टक्के वाढवलं की बाकीचं यंत्र कोलमडणार. म्हणजे पीसीआयच्या भागाकाराची जी अडचण १९९८ ला लोकांनी ओलांडली होती, तीच आता भिंत म्हणून बांधली. गुणक मोकळा हवा असेल तर नावापुढे ‘के’ असलेली चिप घ्या: २५०० ही २०५ डॉलर, २५००के २१६ डॉलर. वर महागडा बोर्ड वेगळा. पुढच्याच वर्षी इंटेलने २० ते ३५ डॉलर घेऊन ओव्हरक्लॉकमध्ये जळलेली चिप एकदा बदलून देणारी योजनाही काढली. छापील आकडा आणि खरी ताकद यांतल्या फरकाला आता किंमतपट्टी लागली होती.

डिसेंबर २०१५ मध्ये काही मदरबोर्ड कंपन्यांनी स्वस्त स्कायलेक चिपांसाठी बायोसमधून वाट काढली. दोन-तीन महिन्यांत इंटेलने नव्या मायक्रोकोडने ती बुजवली. एएमडीने २०१७ पासून रायझनचे गुणक मोकळे ठेवले, पण तोवर टर्बो आणि बूस्टच्या नावाखाली चिप स्वतःच स्वतःला तापमान पाहून ओव्हरक्लॉक करू लागली होती. कारखान्याने काठावर काही शिल्लकच ठेवलं नाही. मोकळी कुलूपं हातात आली तेव्हा पेटी रिकामी होती.

आणि मग कारखानाच काठावरून घसरला. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्सथ्रीडी चिपा बोर्डासकट जळाल्या. बोर्ड जास्त एसओसी व्होल्टेज देत होते, ते १.३ व्होल्टवर बांधावं लागलं. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या चिपा, कोणी काही न बदलता, खेळ चालू असताना कोसळू लागल्या. कित्येक मदरबोर्ड मुळातच वीजमर्यादा काढून टाकून विकले जात होते, म्हणजे गिऱ्हाइकाने बायोस न उघडताच यंत्र ओव्हरक्लॉक केलेलं. शिवाय चिपच गरजेहून जास्त व्होल्टेज मागत होती, हे इंटेलने जुलैमध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये ते आवरणारा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेली त्याच पिढीची १४९००केएस चिप द्रव हेलियममध्ये बुडवून हौशी विक्रमवीरांनी ९.१ गिगाहर्ट्झवर नेली. हे असले विक्रम मला सर्कशीतल्या उडीसारखे वाटतात, बघायला झकास. त्यांत सव्वासहा हजारांच्या चिपेची मजा नाही.

हल्ली विदर्भात नवा संगणक जुळवताना डिलीट दाबून बायोसमध्ये जायचं ते उलट्या कामासाठी. रायझनच्या बोर्डवर कर्व्ह ऑप्टिमायझर नावाचं पान असतं. त्यात उणे दहा, उणे पंधरा असे आकडे भरायचे, म्हणजे चिपेला प्रत्येक वेगासाठी थोडं कमी व्होल्टेज मिळतं. तपासणी जुनीच, रात्रभर प्राइम९५. कारखान्याने सगळ्या चिपांना पुरेल इतकं व्होल्टेज ठरवलेलं असतं आणि आपली चिप त्याहून बरी निघाली, तर तेवढा फरक अजूनही गिऱ्हाइकाचा. व्होल्टेज पाच टक्के उतरलं की वेग तोच राहून १०० वॉटचे ९० होतात. ४५ अंशांच्या दुपारी ते दहा वॉट म्हणजे चिपेवरचे तीन ते पाच अंश, आणि यूपीएसच्या बॅटरीवरचा थोडा जास्तीचा वेळ.